वेटिंग रूम: गाडी यायच्या आधीचे तास

रेल्वेचा इतिहास म्हटला की आपण इंजिनांबद्दल बोलतो, घाटातल्या बोगद्यांबद्दल बोलतो, पुलांबद्दल बोलतो. म्हणजे गाडी सुटल्यानंतरचं सगळं. आज मला गाडी सुटायच्या आधीचं बोलायचंय. रात्रीची गाडी साडेनऊची आहे, तुम्ही सामानसुमान घेऊन साडेसातलाच स्टेशनवर पोचलात. आता हे दोन तास बसायचं कुठे? पाणी कुठलं प्यायचं? बाईमाणसाला, लहान पोराला संडासला जायचं असेल तर कुठे?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षं या देशात हा प्रश्न 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला चिकटून आहे. गाडीने माणसं एकत्र आणली असं आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे, एका इंजिनामागे सगळे जोडले गेले. पण त्याच गाडीची वाट बघताना त्यांना वेगवेगळं बसवायची सोय स्टेशनात केलेली होती. आणि खोल्यांची वाटणी आली की दाराशी कोणीतरी उभा राहून विचारणार, तुम्ही कोणत्या खोलीतले?

आधी एक साधी गोष्ट. लोक इतके लवकर स्टेशनवर का जायचे?

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली उतारूंची गाडी गेली, हे तुम्हाला पाठ आहे. दुपारी साडेतीनच्या सुमारास, चौदा डबे, तीन इंजिनं, चारशेच्या आसपास निमंत्रित. त्या दिवशी वाट बघण्याचा प्रश्न नव्हता, कारण सगळे पाहुणेच होते. खरी वाट बघणं सुरू झालं रूळ लांब गेल्यावर. आणि तिथे एक गंमत झाली, घड्याळाची. मुंबईचं घड्याळ मुंबईच्या सूर्यावर चालायचं. रेल्वेने मात्र देशभर एकच वेळ हवी म्हणून मद्रासची वेळ धरली. मद्रासची वेळ मुंबईच्या जवळपास अर्धा तास पुढे. म्हणजे वेळापत्रकात दहाची गाडी लिहिली असेल, तर गिरगावातल्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा साडेनऊ वाजलेले. घरच्या घड्याळावर विसंबून दहाला पोचलात की गाडी गेलेली! 1906 पासून सगळ्या देशाची म्हणून आजची प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेने आपली जुनी 'मुंबई वेळ' पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही. तेव्हा शहाण्या माणसाने काय करावं? तासभर आधी जावं. खेड्यातल्या माणसाकडे तर घड्याळच नाही. तो दुपारच्या गाडीसाठी पहाटे निघणार, आणि पहाटेच्या गाडीसाठी आदल्या संध्याकाळीच येऊन बसणार.

त्यात आणखी एक भर. तिसऱ्या वर्गाची तिकिटं आधी मिळायची नाहीत. खिडकी उघडायची ती गाडीच्या थोडा वेळ आधी. म्हणजे लवकर येऊन उपयोग नाही, आणि उशिरा येऊन तर नाहीच. खिडकीपाशी जी झोंबाझोंबी व्हायची, त्याच्या तक्रारी त्या काळच्या वर्तमानपत्रांतून सारख्या येतात.

आता ही माणसं बसायची कुठे ते बघा. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाला वेटिंग रूम. वेताच्या आरामखुर्च्या, त्यातल्या काहींचे हात इतके लांब की त्यावर पाय टाकून झोपावं. छताला पंखा, आधी ओढायचा, मग विजेचा. आरसा, न्हाणीघर, कोपऱ्यात एक बेअरर. बायकांची खोली वेगळी, तिथे आया. काही स्थानकांवर तर 'युरोपियनांसाठी' अशी पाटी लावलेली खोली. तिकीट पहिल्या वर्गाचं असलं तरी कातडीचा रंग बघून दारातून परत पाठवलेले हिंदी वकील, डॉक्टर, जमीनदार कमी नाहीत.

आणि तिसरा वर्ग? त्यांच्यासाठी शेड. उत्तरेत त्याला मुसाफिरखाना म्हणायचे. वर पत्रे, खाली फरशी किंवा नुसतीच जमीन, भिंती असल्या तर असल्या. बाकं असलीच तर दोन-चार. बऱ्याच ठिकाणी ही शेड फलाटापासून बाजूला, स्टेशनच्या बाहेरच्या अंगाला असायची आणि गाडी लागेपर्यंत फलाटाकडचं फाटक बंद ठेवायचे. गाडी आली की फाटक उघडणार, मग पेट्या, वळकट्या, पोरं कडेवर आणि धावाधाव. फाटक का बंद ठेवायचं? रेल्वेवाल्यांचं उत्तर तयार असायचं: गर्दी आवरायला. हे उत्तर लक्षात ठेवा, ते आपल्याला शेवटी पुन्हा भेटणार आहे.

आता आकड्यात बघा. शंभरातले नव्वदहून जास्त उतारू या तिसऱ्या वर्गाचे होते. उतारूंकडून रेल्वेला मिळणाऱ्या पैशाचा मोठा वाटाही त्यांचाच. म्हणजे आरामखुर्चीचा खर्च कोण भरत होतं, ते तुम्हीच ठरवा.

व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं सीएसएमटी, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने उभारलं. 1878 ला काम सुरू झालं, पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. खर्च सोळा लाखांच्या वर. काय इमारत आहे! दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं, रंगीत काचा, वर घुमट. मला ती फार आवडते आणि त्यात मला काही लपवायचं नाही. पण कोणत्याही जुन्या स्टेशनात गेलात की एक खेळ करून बघा. कोरीवकाम कुठे संपतं ते शोधा. उंच छत, नक्षीदार फरशी, चांगला लाकूडकाम असलेला दरवाजा हे सगळं एका ठराविक ठिकाणापर्यंत येतं आणि मग एकदम साधं बांधकाम सुरू होतं. ती रेघ बहुतेक वेळा वर्गाची रेघ असते.

बायकांचं थोडं वेगळं बोलायला हवं. 1890 च्या रेल्वे कायद्यात एक कलम होतं: प्रत्येक उतारू गाडीत सगळ्यात खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखून ठेवायचा, आणि गाडी पन्नास मैलांपेक्षा लांब जाणार असेल तर त्या कप्प्यात संडास पाहिजे. म्हणजे त्या काळी खालच्या वर्गाच्या डब्यात संडास असेलच, हे कायद्यालाही गृहीत धरता येत नव्हतं. मग स्टेशनवरच्या शेडमध्ये बायकांनी काय केलं असेल? कागदपत्रांत याचं उत्तर थोडं मिळतं, घरातल्या म्हाताऱ्यांकडे जास्त. माझी पणजी प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी कमी प्यायची, असं आजी सांगायची. माझी आजीही तेच करायची. तुमच्याही घरात विचारून बघा.

खाण्यापिण्याचं प्रकरण तर स्वतंत्र भागाचा विषय आहे, इथे थोडक्यात सांगतो. फलाटावर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. उत्तरेकडच्या स्टेशनांवर पाणी देणाऱ्या ब्राह्मणाला 'पानी पांडे' म्हणायचे. उपाहारगृहंही तशीच वेगळी. आपल्याकडच्या सोवळ्यातल्या मंडळींनी त्यावर घरगुती तोडगा काढला होता: फिरकीचा तांब्या आणि दशम्या. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, म्हणजे ती प्रवासात चालते, खरकट्याची भानगड नाही. आज आपण दशम्यांचं फार कौतुक करतो आणि त्या लागतातही छान. पण त्या डब्यामागे 'स्टेशनवर कोणाच्या हातचं खायचं नाही' हा नियम होता, हेही त्याच डब्यात होतं.

वरच्या वर्गाच्या खोलीत मात्र वाट बघणं हा जवळजवळ शौक होता. 1877 मध्ये अलाहाबादला ए. एच. व्हीलर ही पुस्तकविक्रीची कंपनी निघाली आणि फलाटाफलाटावर तिचे स्टॉल झाले. वेटिंग रूममध्ये बसलेल्या साहेबाला गाडीत वाचायला काहीतरी हवं, या एका गरजेवर 1888 मध्ये 'इंडियन रेल्वे लायब्ररी' नावाची स्वस्त पुस्तकांची माला निघाली. तिचा पहिला लेखक कोण? रुडयार्ड किपलिंग, वय बावीस-तेवीस. मुंबईत जन्मलेला हा पोरगा पुढे नोबेल घेतो, आणि त्याची सुरुवात फलाटावरच्या स्टॉलवर होते.

पुढे 1912 च्या जूनमध्ये पंजाब लिमिटेड सुरू झाली, मुंबईच्या बॅलार्ड पियरहून थेट पेशावर. आजची पंजाब मेल ती हीच. विलायतेहून डाकेची बोट आली की गोरे अधिकारी बोटीतून उतरून तिथल्या तिथे गाडीत बसायचे. सुरुवातीला ही गाडी वरच्या वर्गांचीच होती, तिसऱ्या वर्गाचे डबे लागायला बरीच वर्षं गेली. 1928 मध्ये फ्रंटियर मेल आली, तीही याच गिऱ्हाइकासाठी. थोडक्यात, ज्यांना वाट बघायची सगळ्यात चांगली सोय होती, त्यांना वाटच बघावी लागू नये अशीही व्यवस्था केलेली होती!

आता जरा समुद्र ओलांडून जाऊ, कारण वेटिंग रूमचा इतिहास सांगायचा आणि दक्षिण आफ्रिकेतलं पीटरमॅरित्झबर्ग वगळायचं, हे शक्यच नाही. 7 जून 1893. तेवीस वर्षांचे बॅरिस्टर गांधी डर्बनहून प्रिटोरियाला निघालेत, पहिल्या वर्गाचं तिकीट. रात्रीचा प्रवास. त्या मार्गावर झोपायला बिछाना हवा असेल तर पाच शिलिंग वेगळे पडायचे आणि तो मॅरित्झबर्गला मिळायचा. अब्दुल्ला शेठ सांगत होते की घ्या, गांधींनी पैसे वाचवायला घेतला नाही, बिछाना त्यांच्याजवळ होता. मॅरित्झबर्गला रात्री नऊच्या सुमारास रेल्वेचा माणूस बिछाना हवा का विचारून गेला. मग एक गोरा उतारू डब्यात आला, यांना बघून परत गेला, अधिकाऱ्यांना घेऊन आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. शिपायाने हाताला धरून उतरवलं, सामान बाहेर, गाडी गेली.

आपण ही गोष्ट इथे थांबवतो. पण गांधींनी स्वतः त्यानंतरची रात्र सांगितलीय ती वेटिंग रूममधली. दक्षिण गोलार्धातला जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि गाव उंचावर. खोलीत दिवा नाही. ओव्हरकोट सामानात, सामान रेल्वेच्या ताब्यात. मागायला जावं तर पुन्हा अपमान होईल म्हणून मागितला नाही. रात्रभर कुडकुडत बसले आणि विचार केला: परत हिंदुस्थानात जायचं, की राहून लढायचं. फलाटावर झालं ते काही क्षणांचं. निर्णय झाला तो त्या अंधाऱ्या खोलीत, तासन् तास बसून.

आता आपल्याकडे या. सातारा जिल्हा, 1901. मसूर स्टेशन.

बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग लिहिलाय. पुस्तकाच्या नावातच वाट बघणं आहे, बघा. वडील रामजी सकपाळ खटाव तालुक्यात गोरेगावला कामावर होते. दुष्काळी कामातून तलाव खणला जात होता, तिथे ते खजिनदार. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे असे निघाले. नवे कपडे शिवलेले, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. पहिल्यांदाच आगगाडीचा प्रवास, पोरं हरखून गेलेली. संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरली. बाकीचे उतारू निघून गेले. न्यायला कोणी आलेलं नाही, कारण पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं.

स्टेशनमास्तर आला. चांगल्या घरची, बहुधा ब्राह्मणांची मुलं दिसतायत म्हणून आपुलकीने चौकशी केली. कोण तुम्ही बाळांनो? मुलांनी सहज सांगितलं, महार. तो पाच पावलं मागे सरकला आणि आपल्या खोलीत निघून गेला. मुलं जिथे होती तिथेच उभी.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? त्या मुलांकडे तिकीट होतं. रेल्वेच्या हिशेबाने ती रीतसर उतारू होती, इतर कोणाहीइतकीच. गाडीत बसताना जात कोणी विचारली नव्हती. विचारली ती गाडी गेल्यावर, रिकाम्या स्टेशनात. बैलगाडीवाले कोणी नेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं या अटीवर. रात्री जकातनाक्यापाशी थांबले, जवळ खायला होतं, पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही. नऊ-दहा वर्षांचं वय.

सोळा वर्षं पुढे या. 1917. तेच भीमराव कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून आलेत, बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झालेत. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात. संध्याकाळपर्यंत खोली सोड. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे विचारून बघितलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोन्हीकडे जमलं नाही. मुंबईला परत जायचं ठरवलं. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधे पाच तास.

आणि इथे आपला आजचा विषय येतो. पाच तास कुठे काढायचे? धर्मशाळेत परत जायची हिंमत नाही, मित्राकडे जायचं मन नाही. त्यांनी ते पाच तास कमाटीबागेत काढले, गावाच्या कडेला असलेल्या सार्वजनिक बागेत. कधी सुन्न बसून, कधी आई-वडिलांची आठवण काढत. आठ वाजता बागेतून उठले, गाडी करून धर्मशाळेत गेले, सामान उतरवलं. राखणदार समोर आला, दोघांनाही एकमेकांशी एक शब्द बोलता आला नाही. मग स्टेशन.

बडोद्याच्या स्टेशनात तेव्हा वेटिंग रूम नव्हती असं नाही. पण तो विचारही त्या पाच तासांच्या वर्णनात येत नाही. बाग उघडी होती. बागेला दार नव्हतं आणि दारात विचारणारं कोणी नव्हतं. आज बडोद्यात ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि लोक तिथे दर्शनाला जातात. मी जेव्हा जेव्हा त्या प्रसंगाचा विचार करतो तेव्हा मला संकल्पाआधीचे ते तास दिसतात. हातात काम नाही, जायला ठिकाण नाही, आणि गाडी नऊची.

योगायोग बघा. त्याच 1917 च्या सप्टेंबरमध्ये गांधी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने निघाले होते. 13 रुपये 9 आणे तिकीट, डब्यावर 22 उतारूंची पाटी आणि आत त्याहून कितीतरी जास्त माणसं. त्यावर त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या हालांबद्दल एक खरमरीत लेख लिहिला. मॅरित्झबर्गला पहिल्या वर्गासाठी भांडलेला माणूस आता मुद्दाम तिसऱ्यात बसत होता. पण तो मुद्दाम बसत होता, हा फरक विसरून चालणार नाही. तिसऱ्या वर्गात बसणाऱ्या बाकीच्यांना निवड नव्हती. आणि मसूरच्या त्या मुलांना तर वर्ग बदलूनही काही उपयोग नव्हता.

पुढे 1950 ला संविधान लागू झालं. पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते, सार्वजनिक वापराच्या जागा यांची यादी आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे अडवायचं नाही. सतराव्यात अस्पृश्यता बंद. कायद्याची यादी म्हणून ती वाचली तर रुक्ष वाटते. मसूर आणि कमाटीबाग डोक्यात ठेवून वाचा, मग मसुदा समितीच्या अध्यक्षांना त्यातल्या कित्येक जागा पायाखालच्या होत्या हे कळतं.

स्वातंत्र्यानंतर वर्गांची नावं बदलत गेली, त्यात मी तुम्हाला अडकवत नाही. दोन गोष्टी सांगतो. पन्नाशीच्या दशकात तिसऱ्या वर्गालाही झोपायच्या फळ्या मिळू लागल्या. तोवर रात्रभराच्या प्रवासात आडवं होणं ही वरच्या वर्गाची चैन होती. 1974 मध्ये 'तिसरा वर्ग' हे नावच गेलं, तो दुसरा झाला. आणि मग आपले मधू दंडवते, राजापूरचे खासदार, 1977 मध्ये रेल्वेमंत्री. त्यांनी 26 डिसेंबर 1977 ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, वर्ग नसलेली गाडी. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम बसवायचं कामही त्यांचंच. आज स्लीपरच्या निळ्या गादीवर पाठ टेकणाऱ्या कितीजणांना हे नाव माहीत असेल? रेल्वेमंत्र्यांच्या यादीत अनेकांनी गाड्या वाढवल्या. पाठीचा विचार करणारा माणूस विरळा, असं माझं मत आहे.

पण वेटिंग रूमच्या पाट्या राहिल्या. 'उच्च श्रेणी प्रतीक्षालय', 'द्वितीय श्रेणी प्रतीक्षालय'. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एका मोठ्या जंक्शनवर, नाव नको, रात्री दीडच्या गाडीची वाट बघत होतो. आई, मावशी, मी आणि धाकटी बहीण. आमच्या हॉलमधल्या संडासला कुलूप होतं. आई बहिणीला घेऊन शेजारच्या उच्च श्रेणीच्या खोलीत गेली. तिथल्या बाईने तिकीट मागितलं, बघितलं आणि मान हलवली. "एवढी लहान पोर आहे हो बाई," आई म्हणाली. "मग मी काय करू? साहेब बघतात," ती म्हणाली. तिचंही चूक नव्हतं, तिची नोकरी होती. मावशी उठली, काही न बोलता दोघींना घेऊन फलाटाच्या टोकाला, अंधारात गेली. परत आल्यावर आईने वळकटी सोडून आम्हाला झोपवलं आणि स्वतः रात्रभर पेटीवर बसून राहिली. घरी कोणाला हे सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही वेगळं घडलं असं तिला वाटलंच नसावं.

आता आजकडे येऊ. 2021 मध्ये सीएसएमटीला 'नमः' नावाचं वातानुकूलित प्रतीक्षालय सुरू झालं. दर ठेवला तासाला दहा रुपये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल सुरू झालं, 48 पॉड, बारा तासांचे 999 रुपये. नवी दिल्लीसारख्या स्टेशनांवर लाउंज आहेत, तिथे ठराविक क्रेडिट कार्ड असेल तर दोन रुपयांत आत, चहा-नाश्ता, सोफा, चार्जिंग.

यावर नाकं मुरडणारे मला भेटतात. रेल्वेचं विमानतळ केलं म्हणतात. मी त्या गटातला नाही. तासाला दहा रुपये देऊन जी खोली उघडते, ती कोण तुम्ही असं विचारत नाही. माझ्या आईला ती दहा रुपयांची खोली त्या रात्री मिळाली असती तर तिने दोन तासांचे वीस रुपये खुशीने दिले असते. पैसे टाकून मिळणारी सोय ही जन्माने नाकारलेल्या सोयीपेक्षा कितीतरी बरी. दोन रुपयांच्या कार्डाचं मात्र तसं नाही. ते दोन रुपये ज्याच्याकडे आधीच बरंच काही आहे त्यालाच पडतात, आणि ज्याला कार्ड मिळत नाही त्याला तोच सोफा शेकड्यांत पडतो. तिथे दाराशी उभा माणूस जात विचारत नाही, बँक विचारते.

आणि ज्यांना दहाही नकोत आणि दोनही परवडत नाहीत, ते? कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उन्हाळ्यात किंवा छठच्या आधी रात्री कधी गेलात तर बघा. बाहेर चादरी अंथरलेल्या, गोणी उशाला, बादलीत भरलेलं सामान, पोरं झोपलेली. पूर्वांचलच्या, बिहारच्या गाड्यांची माणसं. जनरल डब्यात जागा मिळावी म्हणून कितीतरी तास आधी आलेली.

27 ऑक्टोबर 2024 ला पहाटे वांद्रे टर्मिनसला गोरखपूरला जाणारी अनारक्षित गाडी फलाटावर लागताना चेंगराचेंगरी झाली, माणसं जखमी झाली. 15 फेब्रुवारी 2025 ला रात्री नवी दिल्ली स्टेशनात कुंभमेळ्याला निघालेल्या गर्दीत अठरा जण मेले. त्यानंतर रेल्वेने ठरवलं की गर्दीच्या साठ स्टेशनांबाहेर कायमची प्रतीक्षास्थळं बांधायची, ज्यांना 'होल्डिंग एरिया' म्हणतात. उतारूंनी तिथे थांबायचं, गाडी लागली की फलाटावर सोडायचं.

ओळखीचं वाटलं ना? स्टेशनच्या बाहेरच्या अंगाला शेड, फलाटाकडचं फाटक बंद, गाडी आली की उघडणार. कारणही तेच, गर्दी आवरायला. फरक इतकाच की यावेळी कारण खोटं नाही. अठरा माणसं मेलीयत, फाटक लागणारच. मी त्याला विरोध करत नाही. पण जुन्या मुसाफिरखान्याचा इतिहास माहीत असलेल्याने नकाशा हातात आला की आधी तीन गोष्टी शोधायच्या: नळ किती, बायकांचे संडास किती आणि कुठे, आणि बाकं आहेत की नुसतीच फरशी. शंभर वर्षांपूर्वीच्या शेडबद्दल लोकांच्या तक्रारी याच तीन होत्या. वांद्र्याला किंवा कुर्ल्याला तुमच्यापैकी कोणी अलीकडे जनरलच्या तिकिटावर थांबलं असेल, तर मला कळवा: किती तास थांबलात, बसायला काय मिळालं आणि रात्री पाणी कुठून आणलं. त्यातलं जेवढं जमेल तेवढं पुढच्या भागात वाचून दाखवीन.